सनद आणि ऋण

विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात प्रमुख पाहुण्यांनी तरुणांना जो उपदेश करावयाचा, त्याचा मजकूर आता इतका कायम होऊन बसला आहे की, वर्षागणिक पाहुणे बदलले तरी भाषण बदलण्याचे कारण पडत नाही. आणि त्या मजकुराचे सार असे की, प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात त्याचे जीवितकार्य ईश्वराने किंवा निसर्गाने आधीच लिहून ठेवलेले असते, ते त्याने शांत चित्ताने वाचावे, आणि एकदा वाचून झाले म्हणजे कोणाचीही भीडमुर्वत न धरता त्या दिशेने चालू लागावे. हा उपदेश ऐकावयास गोड असला तरी त्याचा परिणाम फार क्रूर होतो. कारण ज्या तरुणाला आत डोकावून पाहिल्यावर काहीच लिहिलेले आढळत नाही (आणि बहुसंख्य तरुणांना ते आढळत नाही), तो आपल्याच ठिकाणी काही वैगुण्य आहे अशी समजूत करून घेऊन खिन्न होतो, किंवा मग शेजाऱ्याच्या अंतःकरणात जे लिहिलेले दिसले तेच आपलेही असावे असे मानून दरखास्त रवाना करतो. मनुष्याचे जीवितकार्य कृतीच्या आधी सिद्ध असते, की कृतीच्या ओघात ते सिद्ध होत जाते, हा मूळचा तात्त्विक प्रश्न आहे, आणि त्याचा निर्णय समारंभातील टाळ्यांच्या गजरात गृहीत धरून चालण्यासारखा नाही.

विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश आपल्या परंपरेत फार जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत तो आलेला आहे, आणि आजच्या पदवीधराने तो एकदा मुळातून वाचण्यासारखा आहे. सत्याने वागणे, धर्माचे आचरण, स्वाध्यायात खंड पडू न देणे, आचार्यांना दक्षिणा देऊन गृहस्थाश्रम पत्करणे, वंशाचा धागा तुटू न देणे, आईबाप, गुरू आणि अतिथी यांना देवासमान मानणे, दान देताना मनात लज्जा आणि भीती बाळगणे, इतकेच काय, पण गुरूच्या आचरणातलेही जे चांगले असेल तेवढेच घ्यावे, बाकीचे घेऊ नये, असा मोठा धीट कबुलीजबाबही त्यात आहे. परंतु या सबंध उपदेशात ‘तू अमुक हो’ असे एक अक्षर नाही. पुढे कर्तव्याविषयी संशय पडला तर काय करावे, याचेही उत्तर तेथे दिलेले आहे, आणि ते आधुनिक मनाला चमत्कारिक वाटेल असे आहे: त्या स्थळी जे विचारी, अकठोर, धर्माची चाड असलेले ब्राह्मण असतील, ते तशा प्रसंगी कसे वागतात ते पाहावे आणि तसे वागावे. म्हणजे संशयग्रस्त शिष्याला गुरू चार शहाण्या माणसांच्या संगतीत नेऊन बसवतो. त्याच्या अंतःकरणाची झडती घेत नाही.

अर्थात यावर असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की त्या काळी धंद्याचा प्रश्न जन्मानेच निकालात काढलेला असल्यामुळे गुरूला तो उच्चारण्याची जरूरच पडली नाही. आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला तो 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर. 1862 साली रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे चार गृहस्थ या विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले, आणि तेव्हापासून पदवी ही सरकारी कचेरीच्या दरवाजाची सनद होऊन बसली. मामलेदारी, मुन्सफी, निदानपक्षी शिरस्तेदारी, हा रस्ता इतका आखीव होता की त्यावरून चालणाराला विचार करण्याची तसदी पडत नसे. आणि ज्यांना ती पडली, त्यांचीच चरित्रे आपल्या विषयाला उपयोगी आहेत.

डेक्कन कॉलेजात 1879 च्या सुमारास टिळक आणि आगरकर या दोन तरुणांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवण्याचा जो संकल्प केला, आणि चिपळूणकरांच्या साहचर्याने 1880 च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, ती हकीकत महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही पाठ आहे. त्या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र आपण जरा भीत भीत सांगतो. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढल्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि वीस वर्षांच्या मुदतीने, अल्प वेतनावर, आपली सर्व शक्ती संस्थेला वाहण्याचे व्रत आजीव सभासदांनी घेतले. पण आजीव सभासदाने बाहेरचे उद्योग करावेत की न करावेत, या व अशाच दुसऱ्या प्रश्नांवरून वाद विकोपास जाऊन, ज्यांनी त्या व्रताच्या कडकपणाचा सर्वांत जास्त आग्रह धरला होता, त्या टिळकांनीच 1890 साली राजीनामा दिला. आगरकरांचा आणि त्यांचा मतभेद होऊन ‘केसरी’पासून आगरकर त्याआधीच दूर झाले होते. म्हणजे ज्या दोघांनी एका टेकडीवर बसून एका आयुष्याचा नकाशा आखला, त्यांना दहा-अकरा वर्षांत दोन निरनिराळी आयुष्ये जगावी लागली. ‘जीवितकार्य आधी वाचावे आणि मग चालावे’ हे तत्त्व खरे मानले, तर या दोघांपैकी निदान एकाचे वाचन चुकले असे म्हणावे लागेल. आणि असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

टिळक गेल्यामुळे गणिताच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी तेथेच शिकवणाऱ्या गोखल्यांना ज्यांची आठवण झाली, ते धोंडो केशव कर्वे त्या वेळी मुंबईत या शाळेतून त्या शाळेत असे गणिताचे तास घेत हिंडत होते. 1884 साली बी. ए. झाले तेव्हा कर्वे सव्वीस वर्षांचे होते; म्हणजे त्या काळच्या मानानेही उशिराने झालेले पदवीधर. त्या दिवशी त्यांना कोणी विचारले असते की, तुमचे जीवितकार्य काय, तर विधवांचे शिक्षण असे उत्तर त्यांनी दिले असते असे मानण्यास आधार नाही. 1891 साली त्यांची पत्नी निवर्तली, त्याच वर्षी पुण्याचे बोलावणे आले, 1893 साली त्यांनी शारदासदनात शिकत असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला, आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांना अडतिसावे वर्ष लागून गेले होते. हिंगणे त्यानंतरचे, आणि महिला विद्यापीठ तर 1916 सालचे. आता या साखळीतला कोणता दुवा कर्व्यांनी अंतःकरणात डोकावून निवडला? एका थोर पुरुषाने मोडलेले व्रत, एका मित्राची आठवण, घरात घडलेला मृत्यू आणि समोर उभी राहिलेली एक विधवा, ही सगळी बाहेरून आलेली निमंत्रणे होत. कर्व्यांचे कर्तृत्व असे की, निमंत्रण आले तेव्हा ते घरी होते.

व्रताचे खरे मोल मला येथे दिसते. व्रत घेणारा मनुष्य भविष्य जाणतो म्हणून ते घेतो असे नाही. एका ठिकाणी, एका कामाशी, काही माणसांच्या सोबतीने तो स्वतःला काही काळ बांधून घेतो, आणि त्यामुळे त्याचा पत्ता लागू शकतो. सर्व रस्ते खुले ठेवण्याच्या नादात जो कोठेच रुजू होत नाही, त्याला हाक मारावयाची ती कोणी आणि कोठून? मात्र व्रत हे शृंखलाही होऊ शकते, आणि कोणत्या क्षणी ते मोडणे धर्म्य ठरते याचा नियम सांगता येत नाही. गोखले 1902 पर्यंत शिकवत राहिले, टिळक मध्येच बाहेर पडले. दोघांनाही आपण मान देतो, आणि दोघांनाही एकाच सूत्रात बसवू पाहणारा निबंधकार खोटे लिहू लागतो.

येथवर आल्यावर गीतेचा विचार टाळता येत नाही. स्वधर्माचा उपदेश ज्याला झाला त्या अर्जुनाची अडचण, आजच्या तरुणासारखी, मार्ग सुचत नाही ही नव्हती. त्याला मार्ग फार चटकन सुचला होता, आणि तो मार्ग भिक्षेचा, म्हणजे दिसण्यात युद्धाहून कितीतरी शुद्ध होता. कठीण प्रसंग समोर उभा ठाकताच एखादे उदात्त ध्येय आठवणे, हा मनाचा जुना डाव आहे. ऐन नोकरी पत्करण्याच्या वेळी ज्यांना एकाएकी हिमालय, संशोधन किंवा साहित्यसेवा यांची ओढ लागते, त्यांनी आपल्या ओढीची तारीख एकदा तपासून पाहावी. एवढा भाग मान्य करूनही, स्वधर्म जन्मावरून ठरतो या समजुतीला माझा कौल नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन भीमराव आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेस गेले, ते परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून गेले होते. 1917 साली ते तो करार पुरा करण्यासाठी बडोद्यास रुजूही झाले. कोलंबियाची विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहावयास घर मिळेना. कचेरीतले शिपाई कागद त्यांच्या हाती न देता दुरून टाकीत. आणि ज्या पारशी वसतिगृहात नाव लपवून त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना घालवून दिले. या मनुष्याला कर्तव्य ठाऊक होते, ते करण्याची तयारी होती, लेखी करार होता. जन्मावरून धर्म ठरवणाऱ्यांनीच त्याला तो पाळू दिला नाही. ‘जन्मप्राप्त कर्म गोड मानून घ्यावे’ असे तरुणांना सांगणाऱ्या प्रत्येक प्रवचनकाराने या प्रसंगाला आधी उत्तर द्यावे. स्त्रियांच्या बाबतीत तर हा प्रश्न इतका काळ दुसऱ्यांनीच सोडवून ठेवला की, मुलीच्या पदवीनंतर ‘पुढे काय’ असे विचारणारे बहुधा स्थळाविषयीच विचारत असतात.

निमंत्रण बाहेरून येते, या म्हणण्याच्या उलट म्हणून विनोबांचे उदाहरण नेहमी दिले जाते. 1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी वाटेत सुरतेस उतरला आणि काशीला गेला, हे खरे. परंतु हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या ज्या दोन ओढी घेऊन तो निघाला होता त्यांपैकी एकीकडेही तो पोचला नाही, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात कोचरब येथील आश्रमात गांधींसमोर जाऊन उभा राहिला. गाडीतून उतरणे त्याच्या हाती होते. कोचरब नव्हते.

आता त्या भागाकडे वळतो, ज्याविषयी पदवीदानाच्या भाषणात चकार शब्द नसतो. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्माला येतो, ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे, हा विचार वेदाइतका जुना आहे, आणि आधुनिक तरुण त्याला जुनाट समजत असला तरी त्याच्या स्वतःच्या स्थितीचे त्याहून अचूक वर्णन मला आढळले नाही. आपण मोकळ्या मैदानात उभे आहोत आणि दाही दिशा आपल्या आहेत, ही कल्पना पदवीधराच्या मनात कितीही घोळली, तरी त्याचे शिक्षण कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन केलेले असते. गोखल्यांच्या वडीलबंधूंना दरमहा 15 रुपये मिळत, आणि त्यांतले 8 रुपये ते गोपाळाच्या शिक्षणासाठी पाठवीत. अशा घरातला मुलगा शिकून मास्तर होतो, आणि मोठ्या पगाराचा नाद सोडतो, तेव्हा त्याच्या त्यागाची रक्कम कोणाच्या खाती मांडावी? आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मोठाल्या परीक्षा दिलेल्या मुलाकडून मोठ्या पगाराची आशा तिने ठेवू नये, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ तो परहितात घालवणार आहे, असे त्यांनी तिला कळवले. ते पत्र वाचताना आपण सगळे आगरकरांच्या बाजूला उभे राहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आईचे उत्तर आपल्यापाशी नाही, आणि त्याची चौकशी करावी असे आपल्याला वाटतही नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत आलेली आहे. एक गोष्ट मात्र निःसंशय आगरकरांच्या बाजूची आहे: त्यांनी आईला कळवले. त्यांनी तिला खोटी आशा दाखवून आपला संकल्प गुपचूप अमलात आणला नाही. विठ्ठलपंतांनी पत्नीच्या खऱ्या संमतीवाचून संन्यास घेतला, आणि गुरूने त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठवले, अशी जी कथा ज्ञानदेवांच्या चरित्रात परंपरेने सांगतात, तिचा रोखही मला हाच दिसतो; वैराग्य कितीही खरे असले तरी, ज्यांचा आपल्यावर हक्क आहे त्यांच्या पाठीमागे ते घेता येत नाही.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा एक ब्राह्मण येतो. तो अंगांसह वेद शिकलेला, तपस्वी, आणि आपल्या तपाची थोडी घमेंड असलेला, म्हणजे त्या काळचा अव्वल पदवीधरच. रागाच्या एका दृष्टिक्षेपाने त्याने झाडावरची बगळी मारली होती. भिक्षेला गेला असता पतिसेवेत गुंतलेल्या एका गृहिणीने त्याला तिष्ठत ठेवले, आणि त्याचा संताप पाहून, मी बगळी नव्हे, असे सुनावून त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेतल्या एका मांसविक्रेत्याकडे धाडले. या धर्मव्याधाने त्याला पुष्कळ तत्त्वज्ञान सांगितले, त्यातले काही जन्मकर्माचे समर्थन करणारे असल्यामुळे मला ग्राह्य वाटत नाही. पण शेवटी त्याने कौशिकाला घरात नेऊन आपले म्हातारे आईबाप दाखवले, आणि मग त्याला सांगितले की, तू वेदांसाठी ज्या आईबापांना न विचारता निघून आलास ते तुझ्या शोकाने आंधळे झाले आहेत, तेव्हा परत जा. कौशिक परत गेला. वेद शिकणे चूक होते असे व्याध कोठेही म्हणत नाही.

म्हणूनच, घरी दोन भावंडे शिकावयाची आहेत, वडिलांची पेन्शन तुटपुंजी आहे, आणि कचेरीत कारकुनाची जागा मिळत आहे, ती पत्करावी की आपले खरे कार्य शोधीत थांबावे, असे विचारणाऱ्या तरुणाला मी जागा पत्करण्याचाच सल्ला देतो. तिच्यामुळे आपण आयुष्यभराचे कारकून होऊ अशी धास्ती त्याला वाटते, आणि ती निराधार नाही. पुष्कळ जण होतात. परंतु मुंबईत गणिताचे तास घेत हिंडणारे कर्वे त्या वर्षांत आणखी एक गोष्ट करीत होते: आपल्या मिळकतीचा थोडासा हिस्सा ते बाजूला काढून ठेवीत, आणि आपल्या गावच्या, म्हणजे मुरूडच्या, लोकांनाही तसे करावयास लावून त्यातून गावाच्या उपयोगाचा एक फंड त्यांनी उभा केला होता. त्या फंडाचा आणि पुढच्या आश्रमाचा कार्यकारणसंबंध मी जोडू इच्छीत नाही. कारकुनाच्या पगारातही तेवढा हिस्सा निघतो, इतकेच त्या तरुणाला सांगतो, आणि अर्ज पाठवण्याची मुदत कधी संपते ते विचारतो.