बाकावरचा सोबती

सातारा-सांगलीकडे शिक्षणाची कोणतीही गोष्ट निघाली की ती कर्मवीरांपाशी येऊन पोचतेच. कराडजवळच्या काले गावी 4 ऑक्टोबर 1919 रोजी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये संस्थेचा कारभार साताऱ्याला आणून तिथे वसतिगृह सुरू केले. तीन वर्षांनी गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला बसत. स्वयंपाक, सारवण, लाकूडफाटा, शेतातले काम सारे मुलेच करत आणि मोठ्यांनी धाकट्यांना सांभाळून घ्यावे ही तिथली रीत होती. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातल्या अनेक घरांतला पहिला शिकलेला माणूस अशाच बोर्डिंगांमधून बाहेर पडला.

आज सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एखाद्या शाळेत कमी दिसणारा, ऐकू न येणारा किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा बाकावर येऊन बसतो, तेव्हा त्याला हात कोणी द्यायचा, हा प्रश्न वर्गातच उभा राहतो. शेजारी बसलेला मुलगा हे त्याचे सर्वांत जवळचे उत्तर. ते सोपे दिसते, पण त्याला दोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्यात चुकाही पुष्कळ झाल्या आहेत.

हा इतिहास सुरू होतो तो काटकसरीपासून. 1789 मध्ये मद्रासजवळच्या एग्मोर इथल्या सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेची सूत्रे अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. मलबारी मुलांची एक शाळा त्याच्या पाहण्यात आली. तिथे मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत होती. ती पद्धत आपल्या शाळेत आणायला त्याचे मास्तर तयार होईनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच खालच्या वर्गाचा मास्तर केले. प्रयोग जमला. 1797 मध्ये बेलने तो छापून प्रसिद्ध केला, लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने त्याच सुमारास तशीच शाळा काढली आणि एका मास्तराच्या हाताखाली शेकडो मुले शिकवण्याची ही युक्ती जगभर गेली. आपल्याकडच्या पंतोजींना यात नवल वाटले नसते. धूळपाटीवर लहानांकडून अक्षरे घोटून घेण्याचे काम त्यांच्या शाळेतही मोठी मुले करतच होती.

फ्रिस्कन हुशार होता हे खरे, पण त्याला मास्तर केले ते मोठे मास्तर तयार होईनात म्हणून, आणि ही युक्ती पसरली ती एका मास्तरात शेकडो मुले निभत म्हणून. पगार वाचवायला मुलाला कामाला लावायचे, हा मोह तेव्हापासून या कल्पनेला चिकटलेला आहे आणि पुढेही तो वारंवार डोके वर काढतो.

दिव्यांग मुलांचा विचार या काळात कोणाच्या मनात फारसा नव्हता. त्यांच्यासाठी शाळा निघाल्या त्या वेगळ्या. मुंबईत माझगावला 1885 च्या सुमारास मूकबधिरांची शाळा सुरू झाली, विसाव्या शतकाच्या आरंभी दादरला आणि ताडदेवला अंधांच्या शाळा आल्या. या शाळांनी मुलांना लिपी दिली, हातात कला दिली, आत्मविश्वास दिला. तिथे आंधळ्या मुलाला शिकवणारा सोबतीही बहुधा आंधळाच असे, आणि ही फार मोठी गोष्ट होती. ज्याच्या लिपीवर अंधांच्या या शाळा उभ्या राहिल्या तो लुई ब्रेल पॅरिसच्या अंधशाळेत विद्यार्थी म्हणून आला, पंधराव्या वर्षी त्याने ठिपक्यांची लिपी बसवली आणि एकोणिसाव्या वर्षी त्याच शाळेत तो साहाय्यक शिक्षक झाला. मदत घेणारा आणि मदत देणारा ही दोन वेगळी माणसे असतात, हा समज त्याच्या आयुष्याने खोटा ठरवला. पण वेगळ्या शाळांची किंमतही मोठी होती. वाळवा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या मुलाला शिकायचे तर आईवडिलांना सोडून मुंबई-पुण्याला जावे लागे. जे जाऊ शकत नसत, ते घरीच राहत.

1974 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी एकात्मिक शिक्षणाची योजना आणली आणि अशा मुलांना गावातल्याच शाळेत बसवण्याचा विचार पहिल्यांदा सरकारी खर्चात उतरला. 1992 च्या सुधारित योजनेतले आकडे आज वाचले तर मन थांबते. पाचवीच्या पुढच्या अंध मुलाला पुस्तक वाचून दाखवणाऱ्यासाठी महिन्याला 50 रुपये, पायाने अधू मुलाला शाळेत आणणाऱ्या-नेणाऱ्यासाठी 75 रुपये, आणि अशा दहा मुलांमागे एक परिचर. रक्कम तुटपुंजी होती. तरी सरकारने पहिल्यांदाच मान्य केले की मदत हे काम आहे, त्याला वेळ लागतो आणि त्याचे मोल होते. मदतनीस भत्ता आणि वाचक भत्ता हे शब्द पुढे सर्व शिक्षा अभियानातून आणि 2018 नंतर समग्र शिक्षेतून गावोगावच्या मुख्याध्यापकांच्या ओळखीचे झाले. एस.टी.तही हाच विचार दिसतो: दिव्यांग प्रवाशाला तिकिटात 75 टक्के सवलत आणि अपंगत्व 65 टक्के किंवा अधिक असेल तर सोबत्यालाही अर्धे तिकीट.

एकात्मिक शिक्षणाच्या योजनेच्या याच काळात कोल्हापुरात वेगळ्या दिशेने एक काम उभे राहिले. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या-सतराव्या वर्षी अर्धांगाने गाठले. चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी शिक्षण पुरे केले, सरकारी नोकरी केली आणि 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था स्थापन केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. संस्थेने कोल्हापूरजवळ उचगावला वसतिगृह बांधले, आणि तिथली शाळा दिव्यांग मुलांपुरती न ठेवता इतर मुलांनाही खुली केली. उतार, रुंद दारे, खुर्ची वळेल एवढी जागा हे सगळे तिथे आधी आले. त्यामुळे तिथल्या मुलाला वर्गमित्राला पाठुंगळी घ्यावे लागत नाही, तो त्याच्या शेजारी बसून गणित सोडवू शकतो. हा फरक सगळ्याच शाळांनी समजून घेण्याजोगा आहे. जिन्यावरून मित्राला उचलून नेणाऱ्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात कौतुकाने छापले जातात. मुले कौतुकास पात्र आहेतच, पण त्या फोटोत न बांधलेला रॅम्पही असतो.

मदत वाढली की मूल पुढे जाते, असे सगळ्यांनाच वाटत होते. या समजाला तडा गेला तो परदेशात. 1997 मध्ये अमेरिकेतल्या मायकेल जियान्ग्रेको आणि सहकाऱ्यांनी वर्गांत बसून बारकाईने पाहिले, तेव्हा दिव्यांग मुलाला चिकटून बसलेला प्रौढ मदतनीस त्याला इतर मुलांपासून तोडतो, वर्गशिक्षक ते मूल आपले मानीनासा होतो आणि मूल स्वतःहून काही करणे सोडते, असे त्यांना दिसले. इंग्लंडमध्ये पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटाने सुमारे 8200 विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. 2009 मध्ये आलेला त्याचा निष्कर्ष शिक्षणखात्याला अस्वस्थ करणारा होता: मदतनिसांचा सहवास ज्यांना जास्त, त्यांची प्रगती कमी. मुलांची आधीची पातळी आणि गरजा हिशेबात धरूनही चित्र बदलले नाही. दोष मदतनिसांचा नव्हता. त्यांना तयारीला वेळ दिलेला नव्हता आणि सर्वांत अवघड मुले त्यांच्यावर सोपवून शिक्षक मोकळे झाले होते.

यानंतर वर्गमित्रांच्या मदतीकडे संशोधक नव्याने वळले. या वेळी कारण काटकसरीचे नव्हते. दहा वर्षांच्या मुलाशेजारी चाळिशीचा माणूस बसला की बाकीची मुले बिचकतात. समवयस्क बसला तर गप्पा होतात, भांडण होते, डबा वाटून खाल्ला जातो आणि त्यातच शिकणेही होते.

महाराष्ट्राला याचे एक रूप स्वतःच्या घरात पाहायला मिळाले, तेही साताऱ्यात. कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या 40 शाळांमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. फरशीवर आखलेल्या आकृत्या, हाताळायच्या वस्तू, गटागटांत बसलेली मुले आणि एकमेकांना विचारत, सांगत चाललेले शिकणे. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे या कामाची प्रेरणा होती. कुमठ्याचा प्रयोग दिव्यांग मुलांसाठी म्हणून झालेला नाही. पण रांगेत फळ्याकडे तोंड करून बसलेल्या वर्गात शेजाऱ्याला विचारणे हा गुन्हा असतो आणि गटात बसलेल्या वर्गात तोच अभ्यास असतो. ज्या मुलाला विचारल्यावाचून चालत नाही, त्याला यापैकी कोणता वर्ग सोसेल हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही याच काळात मोठी उडी घेतली. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते 21 झाले. त्यात अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्र या कायद्याच्या वीस वर्षे पुढे होता. 1996 पासूनच राज्यात अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या होत्या. या सवलतींमधली सर्वांत ठळक म्हणजे लेखनिक, आणि विद्यार्थी-मदतनीस म्हणून आपल्या समाजाने खऱ्या अर्थाने ओळखलेली हीच एक भूमिका आहे. दहावीच्या मुलाचा पेपर लिहायला खालच्या वर्गातला विद्यार्थी बसतो. ताशी 20 मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक. कोल्हापूर विभागीय मंडळाकडून परवानगी येते, कागद पुरे होतात आणि मग पालकांची खरी धावपळ सुरू होते, कारण नववीतला मुलगा सापडत नाही. त्याची स्वतःची परीक्षा तोंडावर असते. अनेकदा लेखनिक आणि परीक्षार्थी यांची पहिली भेट पेपराच्या आदल्या दिवशी होते.

आणि हे काम तर फार नाजूक आहे. सांगितले तेवढेच लिहायचे, चूक कळली तरी दुरुस्त करायची नाही, भूमितीची आकृती दुसऱ्याच्या शब्दांवरून काढायची, प्रश्न हवा तितक्या वेळा न कंटाळता वाचायचा. सांगणाऱ्यालाही स्वल्पविरामासकट उत्तर बांधून सांगण्याची सवय करावी लागते. ही जोडी जमायला महिने जातात. ते महिने शाळेने द्यायला हवेत, म्हणजे लेखनिकाची जुळणी जूनमध्ये व्हायला हवी आणि सहामाही परीक्षा त्याच जोडीने द्यायला हवी.

लेखनिक मिळण्याच्या हक्काची व्याप्ती 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात वाढवली. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या तरुणाला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व 40 टक्क्यांच्या कसोटीत बसत नव्हते. गरज टक्केवारीत मोजून हक्क नाकारता येणार नाही, असा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात विशेष शिक्षकांचे प्रमाणही सांगितले: प्राथमिक स्तरावर 10 दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे 15 मुलांमागे एक. महाराष्ट्राने 2024 मध्ये 4860 पदे मंजूर केली, प्रत्येक केंद्राला एक. एका केंद्रात अनेक शाळा असतात. म्हणजे विशेष शिक्षक वर्गात येईल तो अधूनमधून. उरलेले दिवस त्या मुलाचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे.

बेलचा मोह इथे पुन्हा समोर येतो. शिक्षक कमी म्हणून शेजारी, असे झाले की शांत, अभ्यासू आणि नकार न देणारे मूल, बहुतेकदा एखादी मुलगी, वर्षभर त्या बाकाला बांधले जाते. तिचे खेळ सुटतात, मदत घेणाऱ्या मुलाचे मित्र वाढत नाहीत आणि दोघांनाही ते बोलून दाखवता येत नाही. त्यापेक्षा दोन-तीन सोबती असावेत, त्यांची पाळी बदलावी आणि कोण हवा, काय मदत हवी हे ज्याला मदत घ्यायची त्याने सांगावे. स्वच्छतागृहातली मदत मुलांकडे कधीच नसावी. तिथे प्रौढ परिचरच हवा, कारण तो त्या मुलाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

मुलांनी करण्याजोगी कामे मात्र पुष्कळ आहेत आणि ती साधी आहेत. ऐकू न येणारे मूल शिक्षकांच्या ओठांकडे पाहत असेल तर त्याला त्याच वेळी वहीत लिहिता येत नाही. शेजाऱ्याने आपल्या वहीत कार्बन घातला की दोघांची टिपणे तयार होतात. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्यावरचे हळू वाचून दाखवावे. प्रयोगशाळेत हाताला कंप असणाऱ्या मुलीने सांगावे आणि सोबत्याने परीक्षानळीत ओतावे, म्हणजे प्रयोग तिचाच राहतो. शिकायला वेळ लागणाऱ्या मुलाला उत्तर सुचेपर्यंत थांबावे. हे थांबणे मुलांना सर्वांत कठीण जाते आणि तेच शिकवावे लागते. पाढे तोंडपाठ असलेल्या अंध मुलाने गटाचे तोंडी हिशेब करावेत, म्हणजे देवघेव दोन्ही बाजूंनी होते.

मदतीला येऊ शकणाऱ्या मोठ्या मुलांचा विचार केला तर इस्लामपूरची बाजू भक्कम आहे. शहरात रयतचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आहे, शेजारी राजारामनगरला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास द्यायचे असतात. त्यांतला बराच वेळ श्रमदानात, वृक्षारोपणात आणि प्रभातफेऱ्यांत जातो. त्यांतले 60 तास एखाद्या शाळेतल्या एकाच मुलाला मिळाले, पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्यात, सराव पेपर लिहून देण्यात, तर कार्यक्रम अधिकाऱ्याला नोंदवहीत फक्त एक रकाना वाढवावा लागेल. पुण्यात मीरा बडवे यांच्या निवांत अंध मुक्त विकासालयात स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे असेच वाचून दाखवले आणि त्यावर अंध विद्यार्थी पदव्यांपर्यंत गेले. वाळवा पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जूनमध्ये दोन दुपारी विशेष शिक्षकाने या स्वयंसेवकांना लेखनिकाचे नियम, वाचनाचा वेग आणि हात धरून नेण्याची योग्य रीत शिकवायची, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी आपापला सोबती निवडायचा. एवढ्याला नवा शासन निर्णय लागत नाही.