घुमटाखालचा नमस्कार

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतातून आई-वडील, मामा-मावशी, काका-काकू आले की पॅरिसची वारी ठरलेली. लंडनहून युरोस्टारने सव्वादोन-अडीच तासांत पोचता येते, त्यामुळे आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांनी ही वारी दोन-तीन वेळा तरी केलेली असते. आयफेल टॉवर, मोनालिसा, नदीतली बोट, झालेच तर डिस्नेलँड. या यादीत 'लेझँव्हालीद'चा सोनेरी घुमट सहसा नसतो. तो दिसतो मात्र सगळ्यांना, कारण १०७ मीटर उंचीच्या त्या घुमटावर खऱ्या सोन्याचा मुलामा आहे (१९८९ मध्ये तो नव्याने दिला तेव्हा बारा किलोहून अधिक सोने लागले म्हणतात) आणि ढगाळ दिवशीही तो चमकतो. त्याखाली नेपोलियनची कबर आहे, हे माहीत असूनही वेळ नाही म्हणून आपण पुढे जातो.

गेल्या खेपेला आम्ही पुढे गेलो नाही, त्याचे कारण माझे मामा. साताऱ्याकडच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे इतिहास शिकवला. आमच्या पिढीच्या मराठी शाळांत नेपोलियन हा जवळजवळ घरचाच माणूस होता. 'अशक्य' हा शब्द ज्याच्या कोशात नव्हता तो, आणि घोड्यावर बसल्या बसल्या झोप काढणारा तो. फळ्यावरच्या सुविचारांत त्याची वर्णी नेहमी लागायची. मामांना आयफेल टॉवर खालून पाहिला तरी चालणार होता, पण नेपोलियनला भेटल्याशिवाय परत जायचे नव्हते.

आधी ही इमारत काय आहे ते सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्यातच आहे. चौदाव्या लुईने १६७० मध्ये म्हाताऱ्या आणि जायबंदी सैनिकांसाठी एक आश्रयस्थान बांधण्याचा हुकूम काढला. तोवर लढाईत हातपाय गमावलेला सैनिक रस्त्यावर भीक मागे, नाहीतर एखाद्या मठाच्या दारी पडून राही. १६७४ पासून सैनिक तिथे राहायला आले. त्यांच्यासाठी चर्च झाले आणि त्याला लागून राजासाठी घुमटाचे वेगळे, भव्य चर्च. ते १७०६ साली पुरे झाले. 'लेझँव्हालीद' या नावाचा अर्थच मुळी 'अपंग मंडळी'. आजही त्या आवाराच्या एका भागात युद्धात जखमी झालेल्यांसाठी रुग्णालय आणि निवास आहे. म्हणजे साडेतीनशे वर्षे हे घर मूळच्या कामासाठीही वापरात आहे.

नेपोलियन तिथे फार उशिरा आला. ५ मे १८२१ रोजी तो सेंट हेलेना बेटावर वारला. तिथल्या त्याच्या कबरीवर नाव नव्हते. दगडावर नुसते 'नेपोलियन' कोरावे असे त्याच्या माणसांचे म्हणणे, आणि 'बोनापार्ट'ही हवेच, असा इंग्रज गव्हर्नरचा हट्ट. नुसते पहिले नाव म्हणजे राजा, आडनाव आले की साधा सेनापती. वाद मिटेना, म्हणून दगड कोराच राहिला! पुढे १८४० मध्ये राजा लुई फिलिपने आपल्या मुलाला जहाज देऊन पाठवले आणि १५ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, अवशेष वाजतगाजत पॅरिसमध्ये आणले. मग घुमटाखाली खड्डा खोदून कबर बांधायला आणखी वीस वर्षे गेली. १८६१ च्या एप्रिलमध्ये शवपेटी आतापर्यंतच्या शेवटच्या जागी ठेवली गेली.

आत शिरल्यावर समोर काही दिसत नाही. नजर आधी वर घुमटाच्या चित्रांकडे जाते. मग मध्यभागी एक गोल कठडा दिसतो. त्याच्यापाशी जाऊन खाली वाकून पाहिले की खोलात तांबडी, प्रचंड पेटी दिसते. आत एकात एक अशा अनेक पेट्या आहेत. भोवती बारा विजयदेवता उभ्या आहेत आणि फरशीवर आठ लढायांची नावे आहेत : रिव्होली, पिरॅमिड्स, मारेंगो, ऑस्टर्लिट्झ आणि पुढची. वॉटर्लू अर्थातच नाही. शेवटचे नाव 'मॉस्कोवा' वाचून मामा थबकले. आपण जिला बोरोदिनोची लढाई म्हणतो ती हीच. ज्या १८१२ च्या मोहिमेवर सहा लाखांच्या आसपास सैनिक निघाले आणि त्यांतले बहुसंख्य परतलेच नाहीत, तिचे नावही विजयाच्या यादीत! त्या सैनिकांतले निम्मे तर फ्रेंचही नव्हते. पोलंड, जर्मनी, इटलीची पोरे होती ती. आणि पेटीचा तो तांबडा दगड कुठला? रशियातल्या करेलियाचा. झारच्या परवानगीने आणलेला.

कठडा असा आहे की कबर पाहायची तर मान खाली घालावीच लागते. १९४० च्या जूनमध्ये हिटलर इथे येऊन गेला, तोही याच कठड्याशी मान खाली घालून उभा होता. त्याच वर्षी १५ डिसेंबरला, बरोबर शंभर वर्षे साधून, त्याने नेपोलियनच्या मुलाचे अवशेष व्हिएन्नाहून पॅरिसला धाडले. आम्हाला कोळसा हवा होता, यांनी राख पाठवली, असे त्या गारठलेल्या हिवाळ्यात पॅरिसकर म्हणत, अशी आठवण सांगतात.

मामांनी कठड्यापाशी चपला काढायचे तेवढे बाकी ठेवले. हात जोडले, डोळे मिटले. शेजारच्या दोन-तीन पर्यटकांनी वळून पाहिले.

"मामा, नमस्कार कशाला?" मी विचारले.

"अगं, मेलेल्या माणसाशी वैर धरू नये. रामाने रावणाचे अंत्यसंस्कार करायला लावले. आपल्या प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे की नाही?"

मामांचे म्हणणे ऐकायला सरळ वाटते, पण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. मृताला माती देणे, त्याची विटंबना न होऊ देणे, हे आपण माणूस म्हणून त्याचे देणे लागतो. तो कसा वागला याच्याशी त्याचा संबंध नाही. ते देणे सेंट हेलेनाच्या त्या कोऱ्या दगडाखालीच फिटले होते. घुमट, बारा देवता, लढायांची नावे आणि वाकायला लावणारा कठडा हे त्यापुढचे आहे. तो गौरव आहे, आणि गौरव कशाचा, हे विचारायचा हक्क पाहणाऱ्याला आहे. प्रतापगडाखालच्या कबरीत कोणी खानाच्या मोहिमेचा गौरव केलेला नाही.

"म्हणजे त्याने काहीच केले नाही का?" मामांचा पुढचा प्रश्न. केले ना. कबरीभोवतीच्या गोल वाटेवर दहा शिल्पे आहेत, ती त्याच्या लढायांची नाहीत, कारभाराची आहेत. एका कायद्याखाली सगळे नागरिक आणणारी नागरी संहिता आहे, विद्यापीठ आहे, हिशेबतपासणीचे खाते आहे, रस्ते आणि बंदरे आहेत. व्हेनिसमधल्या ज्यूंच्या वस्तीचे दरवाजे १७९७ मध्ये त्याचे सैन्य आल्यावर उखडले गेले, हेही त्याच्याच खात्यावर. (त्या संहितेत बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असे कलमही होते. शिल्पात ते दिसत नाही, आणि मामांनी ते फारसे मनावर घेतले नाही.)

शिल्पांत आणखी एक गोष्ट दिसत नाही. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली होती. १८०२ मध्ये नेपोलियनने वसाहतींत ती परत आणली. ग्वादलूप बेटावर लुई देल्ग्रे नावाचा फ्रेंच सैन्यातलाच एक अधिकारी याविरुद्ध उठला आणि पुन्हा बेड्या नकोत म्हणून मे १८०२ मध्ये त्याने शेकडो साथीदारांसह स्वतःला दारूगोळ्याने उडवून दिले. हैतीचा नेता तुसाँ लूव्हर्त्यूर याला पकडून फ्रान्सच्या डोंगरांतल्या एका थंडगार किल्ल्यात डांबले, तिथेच तो १८०३ मध्ये मेला. फ्रान्समधून गुलामगिरी कायमची जायला १८४८ उजाडले. ५ मे २०२१ रोजी, द्विशताब्दीच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी गुलामगिरी परत आणणे ही चूक होती असे भाषणात सांगितले, आणि त्याच दिवशी या कबरीवर फुलेही वाहिली.

अशा वेळी आपण सहज म्हणतो, जमाखर्च मांडा. जमेची बाजू जड असेल तर माणूस मोठा. मला हा हिशेब मुळातच पटत नाही. जमाखर्च एकाच माणसाच्या वहीत मांडता येतो. इथे संहितेचा लाभ झाला तो पॅरिसच्या व्यापाऱ्याला, आणि किंमत दिली ती ग्वादलूपच्या मजुराने, बर्फात गोठलेल्या पोलिश पोराने. एकाच्या लाभातून दुसऱ्याचा तोटा वजा करायचा अधिकार कोणाचा? तो ज्याचा तोटा झाला त्याचाच असू शकतो, आणि तो तर हिशेबाला हजर नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्या शेजारी शेजारी तशाच ठेवाव्या लागतात, एकीने दुसरी पुसली जात नाही.

"आजच्या फूटपट्टीने तेव्हाचा माणूस मोजू नये," असेही मामा म्हणाले. इतिहासाच्या शिक्षकाला हे म्हणावेच लागते आणि त्यात तथ्यही आहे. पण ही फूटपट्टी आजची कुठे आहे? १७९४ चा कायदा नेपोलियनच्या डोळ्यांदेखत झालेला. देल्ग्रे त्याच्याच सैन्यातला. बरोबर काय हे त्या काळी कोणाला कळत नव्हते असे नाही, कळणाऱ्यांचे राज्य नव्हते एवढेच.

मग घुमटाखालच्या दुसऱ्या एका कबरीकडे मी मामांना नेले. पहिल्या महायुद्धातला सेनापती फॉश तिथे आहे. त्याचे कांस्यशिल्प पोल लांदोव्हस्कीचे. रिओच्या डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्त घडवणारा हाच. साध्या सैनिकांनी सेनापतीला खांद्यावर उचलून धरले आहे. ओझे त्यांच्या खांद्यावर. मामा त्या शिल्पाभोवती दोनदा फिरले, एकेका सैनिकाचा चेहरा पाहत. इथे मात्र त्यांनी हात जोडले नाहीत.

इथपर्यंत प्रश्न फ्रेंचांचा होता, आणि दुसऱ्याच्या राजाचे हिशेब तपासणे सोपे असते. नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा वेलिंग्टन इथे लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटाखाली आहे. त्याने स्वतःची सर्वांत सरस लढाई कोणती मानली? वॉटर्लू नव्हे, तर २३ सप्टेंबर १८०३ ची आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईची, शिंदे-भोसल्यांविरुद्धची. तिथे आपण हिशेबातल्या तोट्याच्या बाजूला होतो, म्हणून सेंट पॉलमध्ये मान लवताना आपल्याला चटकन अडखळायला होते.

पण आपणही लाभाच्या बाजूला होतो, तिथे काय? नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. आपल्या पुस्तकांत ही चौथाईची मोहीम आहे, दरसाल बारा लाखांचा करार आहे, ओडिशापर्यंत पोचलेला दरारा आहे. कलकत्त्यात त्या भीतीने खणलेल्या खंदकाला 'मराठा डिच' हे नाव पडले आणि 'बारगीर' या आपल्या साध्या शब्दाचा बंगालीत 'बर्गी' झाला. बंगाली आया आजही पोरांना निजवताना तो शब्द गातात.

आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहते. पॅरिसहून परतल्यावर एका संध्याकाळी त्या घरच्या आजी चहाला आल्या होत्या. बोलता बोलता विषय निघाला आणि मी त्यांना ती अंगाई म्हणायची विनंती केली. त्या जरा संकोचल्या. "तुमच्यासमोर कशी म्हणू?" म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हटली. पोर निजले, वस्ती सामसूम झाली, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कशाने भरायचा, असा साधारण तिचा आशय. दोनच मिनिटांचे गाणे, चाल अगदी गोड.

मामांनी अर्थ दोनदा विचारून घेतला. 'सारा' म्हणजे नक्की कोणी लावलेला, नवाबाने की भोसल्यांनी, यावर आजींशी थोडा वादही घातला. मग खिशातली डायरी काढून म्हणाले, "ताई, सावकाश म्हणा पाहू पुन्हा, मला देवनागरीत लिहून घ्यायचे आहे."