एक शतांश सेकंद

रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीचं प्रॅक्टिकल चाललं होतं. पोलादी गोळी विद्युतचुंबकाला चिकटलेली. स्विच दाबला की प्रवाह तुटायचा आणि घड्याळ सुरू व्हायचं; गोळी खालच्या पट्टीवर आपटली की ते थांबायचं. त्या वेळेवरून गुरुत्व त्वरण काढायचं.

सरांनी जर्नलं तपासायला घेतली. एका मीटरला बहुतेकांची वेळ ०.४५२ सेकंद, उत्तर ९.८१. फक्त मिरकरवाड्याहून येणाऱ्या मुलीने ०.४६२ लिहिलं होतं, उत्तर ९.३७. पाव मीटरवर तिचं उत्तर ८.९८ पर्यंत उतरलं होतं.

"काय गो, तुझंच वेगळं कसं?"

"सर, परत परत घेतलं. असंच येतंय."

"बाकीच्यांचं बघितलंस?"

"बघितलं. पण घड्याळात तेवढं आलंच नाही."

सरांनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं आणि स्वतः गोळी सोडली. ०.४६२. पुन्हा सोडली. तेच. पुस्तकातल्या उत्तरावरून उलट हिशेब करून वेळ लिहिणारे खाली बघू लागले. सर कुणावरही रागावले नाहीत. त्यांनी तिचे आकडे फळ्यावर मांडले: एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर उंचीचं वर्गमूळ. बिंदू सरळ रेषेत बसले, पण रेषा शून्यातून न जाता ०.०१० सेकंदावरून निघाली.

"प्रवाह तुटला तरी चुंबकत्व लगेच जात नाही. गोळी शतांश सेकंद उशिरा सुटते, घड्याळ मात्र आधीच धावायला लागतं. पाव मीटरच्या छोट्या वेळात तो उशीर जास्त भरतो, म्हणून तिथे उत्तर जास्त घसरलं. तुम्हा सगळ्यांना घड्याळानं हेच सांगितलं होतं. हिनं लिहून ठेवलं, म्हणून आज सापडलं."

मग रेषेच्या चढावरून त्यांनी त्वरण काढलं. ९.७९ आलं.

"पण सर, पुस्तकात ९.८१ आहे," मागून एक जण म्हणाला.

"१९०१ मध्ये ठरलेला प्रमाण आकडा ९.८०६६५. तो साधारण ४५ अंश अक्षांशाला, समुद्रसपाटीला जुळतो. आपण १७ अंशांवर. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे, शिवाय ती फिरते, म्हणून इकडे ओढ जरा कमी पडते. रत्नागिरीत सुमारे ९.७८ यायला हवं."

सरांनी तिच्या जर्नलवर सही केली. बाकीची जर्नलं तशीच परत दिली.

त्या दिवशी प्रॅक्टिकलची वेळ संपली तरी कुणी निघालं नाही. मुलीने चुंबक आणि गोळी यांच्यामध्ये कागदाचा कपटा घातला, एकाने प्रवाह गोळी जेमतेम धरेल इतका कमी केला. एका मीटरला ०.४५४ आलं. तिघा-चौघांनी ते आपापल्या जर्नलात तसंच उतरवलं, आणि उरलेले दोन सहस्रांश कुठून येतात यावर वाद सुरू झाला.