गुडघ्याचे धर्मसंकट

दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला ड्रॉप शॉट मारावा की मारू नये, हा प्रश्न आपल्या प्राचीन ऋषींनी कुठे हाताळल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्यांचे गुडघे पद्मासनात अडकलेले असत, त्यामुळे त्यांना तो पडला नसावा. कोलशेत रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या टेनिस कोर्टावर मात्र सकाळी सव्वासहाला तो उभा राहतो. बाकी सगळे बाकावर बसून नी-कॅप चढवत असल्यामुळे त्या वेळी उभा असलेला तेवढा तोच असतो.

ज्यांना टेनिस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा माणूस पार मागे उभा आहे असं पाहून चेंडू हलकेच जाळ्याच्या पलीकडे टाकायचा, याला ड्रॉप शॉट म्हणतात. त्याने धावत यावं, वाकावं, आणि तोवर चेंडूने दुसरा टप्पा घेतलेला असावा. पंचविशीत याला युक्ती म्हणतात. साठीनंतर, मारणाऱ्याने समोरच्याच्या हाडांच्या डॉक्टरला लिहिलेली ती चिठ्ठी असते.

कोलशेतचं मूळ गाव खाडीकाठी. या रस्त्यावर एके काळी कारखाने होते; आता मनोरे आहेत. जिने कोणी चढत नाही, त्यामुळे गुडघा दुखतो हे कळायला टेनिसच खेळावं लागतं. आमची चौकडी अशी: एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, एक सीए, एक निवृत्त इंजिनिअर, आणि बँकेतला मी. वयाने मी सर्वांत लहान, म्हणजे सत्तेचाळीस. चौघांचे मिळून गुडघे आठ. पैकी चालू खात्यात पाच, उरलेल्या तिनांत व्यवहार बंद.

माझं स्वतःचं दुखणं कोपराचं. टेनिस एल्बो. हे नाव ऐकून आमचे ब्रँच मॅनेजर छद्मी हसले, कारण कारकुनाने एवढं खानदानी दुखणं बाळगावं हे त्यांना पटेना. पण इथे इतिहास माझ्या बाजूला आहे. या दुखण्याचं पहिलं वर्णन रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टरने १८७३ साली केलं, ते लिहून लिहून हात भरून येणाऱ्यांबद्दल. मेजर विंगफील्डने लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ साली. म्हणजे दुखणं आधी आमचं, खर्डेघाशांचं. टेनिसवाल्यांनी पुढच्या दशकात त्याला आपलं नाव चिकटवलं. आजही ज्यांचा कोपर असा धरतो त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात रॅकेट हातात घेतलेली नसते.

ते असो. दुखणं होतं, बरं होतं. खरी पंचाईत परत येण्याची. आणि या बाबतीत रोहन बोपण्णाने आमच्या वयाच्या लोकांचं फार नुकसान केलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, त्याने मॅथ्यू एब्डनला घेऊन ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली, आणि अय्यंगार योगाने त्याला आधार दिला. म्हणजे ती विद्या आमच्या पुण्याची! बोपण्णाने २०२५ च्या नोव्हेंबरात निवृत्ती जाहीर केली. पण त्याच्या जिवावर परत आलेले कोलशेतमध्ये अजून खेळताहेत. योग तेवढा राहिला आहे.

तर आमच्या सरांच्या उजव्या गुडघ्यातली गादी फाटली. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आणि सात महिन्यांनी सर पांढऱ्या शुभ्र कपड्यांत कोर्टावर हजर झाले. मी त्यांचा जोडीदार होतो. पहिला सेट आम्ही सहा-एक जिंकलो. मी सहा-एकने कधी जिंकत नसतो, त्यामुळे मला जरा उशिराच शंका आली. समोरचे दोघे साधुसंत झाले होते. चेंडू येई तो सरांच्या हातात, कमरेच्या उंचीवर, ताटात वाढावा तसा. इंजिनिअरसाहेबांचा ड्रॉप शॉट म्हणजे विषारी चीज. पण त्या दिवशी त्यांना तो जणू येतच नव्हता.

सेट संपल्यावर सरांनी रॅकेट पिशवीत घातली, चेन ओढली आणि विचारलं, "तुम्ही खेळायला आलात, का मला भेटायला? भेटायला येणार असाल तर घरी या, चहा तरी मिळेल."

कोणी बोललं नाही. पस्तीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडलेला माणूस. त्याला काय कळायचं राहतं?

मग वाद सुरू झाला, तो आठवडाभर चालला. सीएसाहेब एकदम महाभारतात गेले. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा त्याने थोडा वेळ मागितला होता की नाही? मी म्हटलं, मागितला. कृष्णाने दिला नाही. इंजिनिअरसाहेबांनी १९८९ ची फ्रेंच ओपन काढली. सतरा वर्षांच्या मायकेल चँगच्या पायात गोळे आले, त्याने खालून हात फिरवून सर्व्हिस केली आणि दोन सेट पुढे असलेल्या लेंडलला हरवलं. लेंडलला दया आली की तो नुसता गोंधळला, हे तोच जाणे. पण लंगडणाऱ्या माणसासमोर धडधाकट माणसाचाच खेळ बिघडतो, एवढं त्यातून दिसतं.

माझं मत बँकेतलं आहे. कर्जदार अडचणीत आला की आम्ही दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे हप्ते बदलून देणं: मुदत वाढवतो, हप्ता कमी करतो, पण घेतो. दुसरी म्हणजे राइट ऑफ. (यात कर्ज माफ होत नाही बरं का, वसुली चालू राहते, पण हे समजावताना माझी निम्मी नोकरी गेली.) फरक रकमेचा नाही. पहिल्यात त्या माणसाकडून काही यायचं आहे असं आपण धरून चालतो. दुसऱ्यात वहीने आशा सोडलेली असते. आणि सरांना त्या सकाळी न सांगता राइट ऑफ केलं गेलं होतं.

व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूला दोन टप्पे चालतात. तिथे दया नाही, नियम आहे. सगळ्यांसमोर छापलेला, आणि त्यात राहून ते लोक जीव खाऊन खेळतात. म्हणून मी सुचवलं, सरांनाही दोन टप्पे द्यावेत. सर म्हणाले, "अरे, त्यांच्यात तो नियम दोघांनाही सारखा. तू मला एकट्याला देतोयस. टप्पा एकच. तुम्ही खुशाल ड्रॉप शॉट मारा. धावायचं की सोडून द्यायचं, ते मी बघेन."

मला हे पटलं. सोडून देण्याचा हक्कसुद्धा चेंडू आला तरच वापरता येतो.

इथे मी हा प्रश्न सुटला म्हणून मोकळा होणार होतो. पण संध्याकाळी लिफ्टमध्ये काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भेटल्या. त्यांना सगळी चर्चा ठाऊक होती. "तुमचं ते पटलं-बिटलं ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण रात्री दोनला शेकायची पिशवी मी भरते. सात महिने भरली. तेव्हा कोणी मला विचारलं नाही, काकू, शॉट मारू का म्हणून." त्यांचा अकरावा मजला आला आणि त्या गेल्या. मी तेराव्यापर्यंत विचार केला. दोन मजल्यांत काही सुचलं नाही.

हाच मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. कर्णाची बायको काय म्हणाली, हे सीएसाहेबांनाही सांगता येईना.

त्या गुरुवारी पावणेसातच्या सुमारास इंजिनिअरसाहेबांनी तो मारला. अगदी जुना, जाळ्याला चाटून जाणारा. सर मागच्या रेषेवर होते. ते निघाले. दोन ढांगा, तीन, मग एक कशीबशी, आणि रॅकेटचं टोक चेंडूला लागलं. चेंडू जाळ्यात गेला. सर जाळ्याची पट्टी धरून उभे राहिले, गुडघ्यावर हात ठेवून. आम्ही तिघांनीही एकदम मान वर करून अकराव्या मजल्याकडे पाहिलं. गॅलरीत दोरीवर टॉवेल वाळत होता. त्याच्यामागे कोणी उभं होतं की नाही, खालून दिसेना.

"वर काय बघताय?" सर म्हणाले. "सर्व्हिस कोणाची?"