सुटणारा डबा

ब्रिटनमध्ये १८५८ पासून १९६० पर्यंत एक विलक्षण रेल्वे-पद्धत प्रचलित होती. जलद गाडी लहान स्थानकावर न थांबता निघून जाई. परंतु तत्पूर्वीच तिचा शेवटचा डबा धावतेपणी सुटा केला जाई. त्यातील गार्ड आकडा सोडी आणि ब्रेक लावीत डबा फलाटाशी आणून उभा करी. पुढच्यांचा खोळंबा टळे, लहान गावाचीही सोय होई. शेकडो प्रवाशांची पाच-पाच मिनिटे वाचविणे हेही लोकहितच, हे आम्ही नाकारीत नाही.

तथापि धावत्या गाडीतून डबा सोडता येई, धावत्या गाडीला तो जोडता मात्र येत नसे. लहान गावी उतरणाऱ्यास जी सवलत मिळे, ती तेथून निघणाऱ्यास नसे. त्यास थांबणाऱ्या गाडीचीच वाट पाहावी लागे.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस यात अनेक योजनांचे रूप दिसते. मोठ्यांची गती न मोडता जेवढे देता येईल, तेवढेच लहानांच्या वाट्यास येते. त्यास उपकार म्हणावे. न्याय म्हणता येणार नाही. धाकट्यास सोबत घ्यावयाचे, तर थोरल्याने क्षणभर थांबलेच पाहिजे.