आग्रह आणि प्रमाण

सुरतेस चंदी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, खवा-तुपाची घारी नाकारणे हा यजमानाचा अवमान समजतात. पण पंक्तीतल्या मधुमेह्याच्या कमरेला इन्सुलिनचा पंप असेल तर? हे यंत्र त्वचेखाली अहोरात्र थोडे थोडे औषध सोडते खरे. तथापि पानात पिष्ट व साखर किती आली, हे बहुधा रोग्यानेच मोजून त्यास कळवावयाचे असते. कमी मोजले तर रक्तातील साखर चढते, अधिक मोजले तर उतरून शुद्धही हरपते. ही विद्या त्याने कष्टाने शिकलेली असते. ‘एका तुकड्याने काय होते?’ असे म्हणून आम्ही कोणत्या अधिकाराने तिच्यावर पाणी ओततो? 1872 चा करार कायदा गैरवाजवी दडपणाने मिळविलेली संमती मुक्त मानीत नाही. पंक्तीत मात्र तिलाच प्रेम म्हणतात! प्रसादाचा कण मस्तकी लावून शेजाऱ्यास देणाऱ्याची श्रद्धा आम्हांस तरी उणी वाटत नाही.