पाळी की मालकी?

माझे वडील टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर, पुढे मीही तेच. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणल्या की चर्र करून झोत पेटायचा. शो संपायचा अवकाश, मालक खालून ओरडणार, "अरे, विझव ते!" फुकटचा उजेड कुणाला परवडतो?

उजेड पेटवणं सोपं, टिकवणं अवघड; म्हणूनच थिएटरवाले जमशेदजी फ्रामजी मदन डोक्यातून जात नाहीत. मुंबईचे पारशी. लहानपणी एल्फिन्स्टन नाटक कंपनीत काम करायचे. मोठेपणी तीच कंपनी विकत घेतली. १९०२ साली कोलकात्याच्या मैदानावर तंबू ठोकून बायोस्कोप सुरू केला. १९२३ मध्ये ते वारले, कारभार मुलगा-जावयाकडे आला. त्या दशकाच्या अखेरीस शंभराहून जास्त थिएटरं, पार रंगूनपर्यंत! मग बोलपट आले, आणि काही वर्षांत सगळं हातचं गेलं.

याउलट, त्यांच्याच समाजाचा पवित्र इराणशाह अग्नी गुजरातेतल्या उदवाड्यात १७४२ पासून अखंड तेवतोय. दस्तुरांची, म्हणजे पारशी पुरोहितांची, ठरलेली घराणी पाळीपाळीनं त्यात लाकूड घालतात. 'हा माझा' असं कुणी म्हणत नाही.

मग वारसा म्हणजे मालकी की नुसती पाळी? मी पाळीच्या बाजूचा. पण मदनांच्या पोरांना नावं ठेवणंही बरं नाही. अग्नीला चंदन पुरतं, थिएटरला नवी यंत्रं लागतात, कर्ज लागतं, वर प्रेक्षकांची मर्जी. ती कुठल्या धर्मग्रंथाला बांधलेली नसते.

माझा मुलगा मल्टिप्लेक्सात आहे. तिथं कांडी नाही. बटण दाबलं की पिक्चर सुरू होतो.